रात्रभर पाण्यात राहिलेल्या भाताचे काय होते?

रात्रीच्या जेवणानंतर पातेल्यात भात उरला. झाकण ठेवून तो तसाच ओट्यावर राहिला, तर मे महिन्याच्या उकाड्यात सकाळी त्याला वास येतो, तार सुटते आणि घरातली जाणती बाई तो कुणाला तोंडात घालू देत नाही. तोच भात रात्री पाण्यात बुडवून ठेवला, तर सकाळी तो आंबूस, गार आणि खाण्याजोगा असतो. भात तोच, रात्र तीच, उकाडाही तोच. मग एक पोट बिघडवतो आणि दुसरा उन्हात कामाला जाणाऱ्या माणसाला आधार देतो, हे कसे?

छत्तीसगडमधल्या भिलाईत सुपेला बाजाराजवळच्या कोहक्यात हा प्रश्न कोड्यासारखा वाटणार नाही. एके काळचे हे गाव आता शहराची वस्ती झाले आहे. दुर्ग जिल्ह्यातल्या अशा वस्त्यांमध्ये पाण्यात ठेवलेल्या या भाताला ‘बासी’ म्हणतात. मराठी घरांत मात्र शिळ्या भाताला फोडणी देऊन संपवण्याची रीत जास्त. म्हणून विदर्भातून भिलाईत स्थायिक झालेल्या कुटुंबांना शेजारची बटकीभर म्हणजे वाडगाभर बासी सुरुवातीला नवलाची वाटते. अलीकडे तिच्याबद्दल खूप ऐकायला मिळते: बासीने रक्त वाढते, साखर वाढत नाही, ऊन लागत नाही. यातले खरे किती, हे समजून घ्यायचे तर त्या एका रात्रीत पातेल्यात काय घडते ते पाहायला हवे.

बोरे आणि बासी

छत्तीसगडमध्ये ताजा भात गार करून त्यात पाणी घातले आणि थोड्या वेळाने खाल्ला, तर ते ‘बोरे’. रात्री पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी खाल्ला, तर ती ‘बासी’. सोबत नून म्हणजे मीठ, गोंदली म्हणजे कांदा, हिरवी मिरची, एखादी भाजी किंवा चटणी, जमले तर दही किंवा मही म्हणजे ताक. शेतावर राबणाऱ्याचे हे सकाळचे जेवण. १ मे २०२२ रोजी कामगार दिनी तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी राज्यातल्या लोकांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले, आणि गरिबाघरचे समजले जाणारे हे अन्न अधिकाऱ्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या ताटातही दिसू लागले.

भात पिकवणाऱ्या पूर्व आणि दक्षिण भारतात ही रीत सगळीकडे आहे. ओडिशात ती पखाळ, बंगालमध्ये पांता भात, आसामात पोइता भात, तमिळनाडूत पळय सोरु. ओडिशाचे लोक २० मार्चला पखाळ दिवसही साजरा करतात. जिथे उकाडा भरपूर, भात भरपूर आणि सरपण जपून वापरायचे, तिथे हा उपाय वेगवेगळ्या लोकांना सुचला.

पाण्याखाली काय घडते?

भात शिजताना बहुतेक जिवाणू मरतात. एक मात्र टिकून राहतो: बॅसिलस सिरियस. तो मातीत असतो, तिथून धान्यावर येतो आणि परिस्थिती प्रतिकूल झाली की स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. या कवचबंद अवस्थेला बीजाणू म्हणतात. उकळत्या पाण्यातूनही बीजाणू वाचतात. भात कोमट झाला की ते कवच सोडतात आणि जिवाणू वेगाने वाढू लागतो. त्याचा एक प्रकार असे विष तयार करतो की त्याने काही तासांत उलट्या सुरू होतात. हे विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून ओट्यावर रात्रभर राहिलेला भात सकाळी कडकडीत गरम केला तरी तो सुरक्षित होत नाही.

भात पाण्यात बुडवला की चित्र बदलते. पाण्याखाली प्राणवायू कमी पोचतो. भांड्यातून, हातातून, हवेतून आलेले लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू अशा ठिकाणी चांगले वाढतात. दह्यात आणि इडलीच्या पिठात काम करतात ते याच कुळातले. भातातून सुटलेली थोडीशी साखर खाऊन ते लॅक्टिक आम्ल सोडतात आणि पाणी आंबट होत जाते.

आंबटपणा मोजण्यासाठी सामू ही मोजपट्टी वापरतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. आंबटपणा वाढला की आकडा खाली येतो. दह्याचा सामू साधारण ४.५ च्या आसपास असतो. नीट आंबलेल्या भाताचे पाणीही या पातळीला किंवा तिच्याखाली येते, आणि तिथे बॅसिलस सिरियसची वाढ थांबते. बासीची सुरक्षितता या आम्लात आहे.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. आम्ल तयार व्हायला काही तास लागतात. तोपर्यंतचा काळ धोक्याचा असतो. भांडे अस्वच्छ असेल, भात तासन्‌तास कोमट राहून मग पाण्यात गेला असेल, किंवा पाणीच दूषित असेल, तर आम्ल तयार होण्याआधीच नुकसान झालेले असते. पाणी घातले म्हणजे काम झाले, असे नाही. पाणी वेळेवर आणि स्वच्छ हवे.

गार झालेला भात वेगळा का वागतो?

तांदळाचा मोठा भाग स्टार्च म्हणजे पिष्टाचा असतो. पिष्ट म्हणजे ग्लुकोज साखरेच्या कणांच्या लांब साखळ्या. कच्च्या तांदळात त्या घट्ट, नीटनेटक्या रचलेल्या असतात. शिजताना पाणी आत शिरते, रचना मोडते, दाणा फुगतो. मोकळ्या झालेल्या साखळ्या आपल्या पोटातली पाचकद्रव्ये भराभर तोडतात आणि रक्तात साखर चढते.

भात गार झाला की काही साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात. गार भाताचा दाणा कडक लागतो तो यामुळेच. अशा पुन्हा घट्ट झालेल्या भागावर पाचकद्रव्यांचा जोर चालत नाही. तो भाग लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात जातो. त्याला प्रतिरोधी पिष्ट म्हणतात. तिथले उपयोगी जिवाणू ते खातात आणि ब्युटिरेटसारखी लहान मेदाम्ले तयार करतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे आवडते इंधन आहे. म्हणजे या पिष्टाचे काम तंतुमय पदार्थांसारखे होते.

आता आकडे पाहू. इंडोनेशियातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ताज्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम प्रतिरोधी पिष्ट आढळले. खोलीच्या तापमानात १० तास गार केलेल्या भातात ते १.३० ग्रॅम झाले. फ्रीजमध्ये ४ अंशांवर २४ तास ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात ते १.६५ ग्रॅम भरले. या शेवटच्या प्रकारचा भात १५ निरोगी माणसांना दिला, तेव्हा त्यांची रक्तातली साखर ताज्या भाताच्या मानाने कमी चढली.

प्रतिरोधी पिष्ट दुपटीहून अधिक झाले, ही बातमी कानाला मोठी वाटते. पण १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. त्यातला जेमतेम एक ग्रॅम जास्तीचा न पचणारा झाला. बाकीचा भात साखरच देणार आहे. मधुमेह असलेल्या माणसाला यातून मिळणारा फायदा खरा आहे, पण लहान आहे. ‘बासी आहे, साखर वाढत नाही’ म्हणून दोन वाट्यांच्या जागी चार वाट्या खाल्ल्या, तर तो फायदा पुसला जाऊन उलट तोटा होईल. मधुमेहात भाताचे प्रमाण आणि त्यासोबतची भाजी-डाळ यांचा परिणाम सर्वांत मोठा असतो.

लोहाचा फुगलेला आकडा

बासीबद्दल सर्वांत जास्त फिरणारा दावा लोहाचा आहे. आसाममधील संशोधनाच्या हवाल्याने असे सांगतात की १०० ग्रॅम भातात ३.४ मिलिग्रॅम लोह असते आणि १२ तास आंबवल्यावर ते ७३.९१ मिलिग्रॅम होते. हा आकडा थांबून तपासण्यासारखा आहे.

लोह हे मूलद्रव्य आहे. जिवाणू साखरेपासून आम्ल बनवू शकतात, काही जीवनसत्त्वेही बनवू शकतात. लोह मात्र कोणताही जीव घडवू शकत नाही. पातेल्यात जेवढे होते तेवढेच सकाळी असणार. भिलाईकरांना हे सांगायला नको. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून दल्ली-राजहराच्या खाणींतले खनिज इथे येते आहे. त्या खनिजात लोखंड असतेच, पण प्राणवायूशी बांधलेले. भट्टी ते बंधन तोडते आणि लोखंड सुटे करते. खनिजात नसलेला एक किलोही भट्टीतून बाहेर पडत नाही. आंबवण्याचे काम याच जातीचे आहे.

धान्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो लोह आणि जस्त यांना धरून ठेवतो, त्यामुळे ती खनिजे आतड्यातून रक्तात शिरत नाहीत. आंबवताना जिवाणू फायटेटचा काही भाग मोडतात, आणि लॅक्टिक आम्लही लोह शोषायला मदत करते. म्हणून लोहाचा जास्त वाटा अंगी लागू शकतो. आंबवण्याचा खरा लाभ हा आहे.

पण मुळात होते किती? पॉलिश केलेल्या पांढऱ्या कच्च्या तांदळात १०० ग्रॅमला साधारण ०.६५ मिलिग्रॅम लोह असते. शिजल्यावर तांदूळ पाणी पिऊन सुमारे तिप्पट होतो, म्हणजे १०० ग्रॅम भातात ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह लागते. फिरणारा आकडा खरा असता, तर १०० ग्रॅम बासीतून बाईला अडीच दिवसांचे लोह मिळाले असते, आणि रोज बासी खाणाऱ्या भागात रक्तक्षय शोधूनही सापडला नसता. वस्तुस्थिती वेगळी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. छत्तीसगडमध्ये हे प्रमाण त्याहून जास्त आहे.

आंबवलेल्या अन्नात जास्तीचे लोह येण्याचा एक खरा मार्ग आहे: भांडे. आंबट पदार्थ लोखंडी कढईत शिजवला की कढईतले थोडे लोह अन्नात उतरते. अंबाडीची किंवा टोमॅटोची भाजी लोखंडी कढईत करण्यामागे हेच शास्त्र आहे. ते लोह भांड्याचे असते, भाताचे नव्हे.

बी-१२ जीवनसत्त्वाचेही असेच. तांदळात ते नसते, आणि घरच्या बासीत ते पुरेसे तयार होईल असा भरवसा धरता येत नाही. शाकाहारी माणसाने दूध, दही, ताक यांच्याकडे पाहावे आणि कमतरता निघाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात.

घाम, मीठ आणि भाताचे पाणी

उन्हात बासीचा आधार वाटतो, यामागे भक्कम शरीरशास्त्र आहे. मे महिन्यात भिलाईचा पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो. त्यात भट्टीजवळ, बांधकामावर किंवा रस्त्यावर काम करणाऱ्याचे शरीर घाम गाळूनच स्वतःला थंड ठेवते. घामावाटे पाणी जाते आणि सोडियमही जाते. नुसते पाणी भरपूर पिऊन सोडियम भरून निघत नाही.

लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेते, आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते. म्हणून पाण्यात थोडे मीठ आणि थोडी साखर असली की पाणी शरीरात लवकर शिरते. जलसंजीवनीचे तत्त्व हेच. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांना तोंडावाटे दिले आणि हजारो जीव वाचले. पुढे ढाक्यातील संशोधकांनी ग्लुकोजऐवजी तांदळाचे पीठ वापरूनही असे पाणी करून दाखवले, कारण भाताच्या पिष्टातून ग्लुकोज हळूहळू सुटत राहते.

बासीत पाणी आहे, पिष्ट आहे आणि वरून घातलेले मीठ आहे. उन्हात जाणाऱ्याला ती उपयोगी पडते ती याच कारणाने. कांद्याने चव येते. ऊन न लागण्याची हमी मात्र खिशातला कांदा देत नाही. आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्यावर बासी देऊ नये. तेव्हा मोजून बनवलेले जलसंजीवनीचे पाकीट हवे.

मिठाचा हिशेब मात्र प्रत्येकाचा वेगळा. एरवी दिवसभरात एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा जास्त नको. दिवसभर घाम गाळणाऱ्याची गरज वाढते. पंख्याखाली बसून काम करणाऱ्याची वाढत नाही. रक्तदाब असलेल्याने बासीबरोबर लोणचे, पापड आणि वरून मीठ असे तिन्ही घेतले, तर फायद्यापेक्षा अपायच मोठा.

बटकीत भाताशिवाय काय आहे?

भाताने ताकद येते, पण एकटा भात अपुरा आहे. त्यातले प्रथिन कमी, आणि त्यात लायसिन नावाचा घटक तोकडा. डाळीत लायसिन भरपूर असते. म्हणून वरण-भात ही जोडी शास्त्राच्या कसोटीवरही पक्की आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूत्रांनुसार दिवसभराच्या ऊर्जेत धान्याचा वाटा ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. आपल्या भातखाऊ घरांत तो सहज त्यापलीकडे जातो.

छत्तीसगडच्या जुन्या जेवणात ही उणीव भरून काढण्याची सोय होती. लाल भाजी, चेंच, अमारी म्हणजे आपली अंबाडी, मुनगा म्हणजे शेवगा, चरोटा म्हणजे विदर्भातला तरोटा, बोहार म्हणजे भोकर: या पालेभाज्यांतून लोह, कॅल्शियम आणि फोलेट मिळते. उडदाच्या डाळीची रखिया बडी आणि बिजौरी प्रथिनांची भर घालतात. हिरवी मिरची, कैरीची चटणी किंवा लिंबू यांतले क जीवनसत्त्व भाजीतले लोह शोषायला मदत करते. बासीचे नाव झाले, आणि तिच्या कडेला बसलेल्या भाजीचे श्रेयही बासीलाच मिळाले. आज शहरात बटकी उरली आहे आणि भाजीच्या जागी पुष्कळदा फक्त मीठ-मिरची किंवा शेवेची पुडी आली आहे. पोषणाचे नुकसान तिथे होते.

आणखी एक सवय सांभाळावी. जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहातले टॅनिन लोहाला अडवते. तासाभराचे अंतर ठेवले तर भाजीतले लोह वाया जात नाही.

घरी करताना

भात शिजल्यावर पसरून लवकर गार करावा आणि तासाभरात पाण्यात घालावा. पाणी उकळून गार केलेले किंवा गाळणीयंत्रातले असावे आणि भातावर दोन बोटे उभे राहावे. भांडे मातीचे, काचेचे किंवा स्टीलचे चालते. तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम नको, कारण आम्लामुळे धातू अन्नात उतरतो. एक चमचा ताजे दही मिसळले तर चांगले जिवाणू पहिल्या तासापासून कामाला लागतात आणि धोक्याचा काळ कमी होतो. हिवाळ्यात १०-१२ तास लागतात, उन्हाळ्यात ८ तास पुरतात. सकाळी वास स्वच्छ आंबट हवा. तार सुटली, बुरशी दिसली किंवा कुबट वास आला, तर भात टाकून द्यावा. सकाळची बासी संध्याकाळसाठी ठेवू नये. पाणी ओतून न देता प्यावे, कारण पाण्यात विरघळणारी ब गटाची जीवनसत्त्वे त्यात उतरलेली असतात. उकडा किंवा कमी पॉलिश केलेला तांदूळ असेल तर मुळातच ही जीवनसत्त्वे जास्त टिकलेली असतात. लहान बाळे, गर्भवती आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी कमी झाली आहे, त्यांना ताजे जेवणच द्यावे.

थोडक्यात

- पाण्याखाली तयार होणारे लॅक्टिक आम्ल बासीला सुरक्षित करते. पाण्याविना कोमट राहिलेला भात गरम करूनही सुरक्षित होत नाही.
- गार भातात न पचणारे पिष्ट थोडे वाढते. मधुमेहात भाताचे प्रमाण तरीही मोजूनच हवे.
- आंबवल्याने लोह वाढत नाही. असलेले लोह जास्त अंगी लागू शकते.
- घाम गाळणाऱ्याला बासीचे पाणी आणि मीठ उपयोगी. रक्तदाब असल्यास मीठ जपून.
- भाजी, डाळ, दही आणि लिंबू सोबत असले तरच ते पूर्ण जेवण.

पुढचा सल्ला ऐकताना

बासीची ही गोष्ट एका पदार्थापुरती नाही. नाचणी, शेवग्याचा पाला, तूप, गूळ, बीट: दर महिन्याला कुठल्या तरी पदार्थाची कीर्ती आपल्या फोनवर येऊन पोचते. अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत. सांगितलेला घटक या पदार्थात मुळात आहे का, आणि नसेल तर तो आला कुठून? आपण जेवढे खातो तेवढ्यात तो किती मिळतो? आणि त्याच्यासोबत ताटात काय आहे? या प्रश्नांनी जुनी चांगली रीतही टिकते आणि तिच्यावर चढलेला फुगवटाही उतरतो.

रक्ताच्या बाबतीत तर अंदाजावर राहूच नये. छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्ही भागांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यातला रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे झालेला नसतो, आणि विनाकारण लोहाच्या गोळ्या घेणे अशा रुग्णाला अपायकारक ठरू शकते. थकवा, धाप, फिकट नखे अशी लक्षणे असतील तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, सिकलसेलची चाचणी झाली नसेल तर तीही करावी, आणि मग गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. बासी, भाजी आणि डाळ रोजच्या ताटात असू द्यावी. निदान करण्याचे काम मात्र तपासणीचे आहे.